जकातघरातली पेटी

घरापासून दूर, परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाला पार्सलाची थोरवी नव्याने सांगावी लागत नाही. दिवाळीच्या चार दिवस आधी येणारा तो पत्र्याचा डबा, त्यावर शिवलेले मांजरपाट, शिवणीवर ठिकठिकाणी लाखेच्या मोहरा आणि वर घरच्या वळणदार अक्षरात आपला पत्ता! आतल्या चकल्यांचा निम्मा चुरा झालेला असतो. पण तो चुरासुद्धा चमच्याने खाल्ला जातो. बदलीच्या गावी राहणाऱ्या आम्हां सर्वांचा हा अनुभव आहे. परंतु ज्या पार्सलांविषयी आज लिहावयाचे आहे, ती निराळी. ती समुद्रापलीकडून येत. आत काय आहे व त्याची किंमत किती, याचे प्रतिज्ञापत्र त्यांना जोडलेले असे, आणि ती उघडण्याचा पहिला मान घरधन्याचा नसून कस्टम खात्याचा असे. आत व्हॉल्व्ह, कंडेन्सर, तांब्याच्या तारेची वेटोळी, एखादा जड ट्रान्सफॉर्मर असे सुटे भाग असत. क्वचित एखादे संपूर्ण यंत्र. मागविणारा मनुष्य व्यापारी नसे. तो हौशी बिनतारीवाला असे.

हौशी बिनतारी हा छंद आणि तो करणारे ते 'हॅम', हे बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. सरकारी परीक्षा द्यावयाची, परवाना आणि त्याबरोबर आपले असे एक संकेतनाम मिळवावयाचे, आणि घराच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या यंत्रावरून जगातील दुसऱ्या हौशांशी बोलावयाचे. त्यात पैसा मिळवावयाचा नाही, गाणी लावावयाची नाहीत. गाठ पडली की तिची साक्ष म्हणून एकमेकांस छापील कार्ड टपालाने धाडावयाचे. या छंदाचा इतिहास सांगणारे बहुधा लहरींचा इतिहास सांगतात: कोणी किती अंतर गाठले, कोणाचा आवाज कोठवर गेला. आम्हांला मात्र तो पेट्यांचा इतिहास वाटतो. लहरीला जकात नाही, सीमेवर तिला कोणी थांबवीत नाही. पेटीला जकात आहे, परवाना आहे, चौकशी आहे. आणि पेटी हाती आल्यावाचून लहर निघत नाही.

आपल्या देशातला पहिला हौशी म्हणून कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तु यांचे नाव घेतले जाते. १९२१ साली त्यांना परवाना मिळाला. त्यांचे संकेतनाम '२ जेके'. त्याच वर्षी मुकुल बोस आले आणि दोन घरांत संभाषण सुरू झाले. १९२३ पर्यंत वीसेक इंग्रज हौशीही या देशात होते. मुंबईचा रेडिओ क्लब १९२३ चा, मद्रासचा १९२४ चा. मद्रासच्या क्लबाचे प्रवर्तक सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांनी ट्रान्समीटर उभा करून जुलै १९२४ पासून कार्यक्रम ऐकविले, आणि तीन वर्षांत पैसा संपल्यावर ते यंत्र शहराच्या कॉर्पोरेशनच्या हवाली झाले. या सर्वांच्या यंत्रांतला महत्त्वाचा भाग, म्हणजे व्हॉल्व्ह, जहाजानेच येत असे. येथे तो होत नव्हता, आणि होण्याची घाई कोणास नव्हती.

पाठविणारे कोण होते, तेही पाहण्याजोगे आहे. बर्मिंगहॅमची स्ट्रॅटन ही कंपनी ज्या घराण्याची, त्याचा मूळ धंदा टाचण्यांचा आणि केसांतल्या आकड्यांचा. पहिल्या महायुद्धानंतर विलायतेतल्या स्त्रियांनी केस आखूड केले आणि आकड्यांचा खप बसला. मग १९२३ च्या सुमारास या मंडळींनी रेडिओकडे मोर्चा वळविला, आणि आपल्या मालाला समुद्रातल्या एका दीपगृहावरून 'एडिस्टोन' असे नाव दिले. त्यांनी एक गिऱ्हाईक नेमके हेरले होते. ते विलायतेत राहत नव्हते. ते होते दूरच्या वसाहतींत चहाचे मळे सांभाळणारे, मिशन चालविणारे, जिल्ह्याचा कारभार पाहणारे साहेब. ज्यांच्या बंगल्यात वीज नाही, पण ज्यांना संध्याकाळी लंडन ऐकावयाचे आहे. त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारे शॉर्टवेव्हचे सेट बांधून ते बोटीने धाडले जात. १९३२ च्या डिसेंबरात बी. बी. सी.ने साम्राज्यासाठी स्वतंत्र शॉर्टवेव्ह सेवा सुरू केल्यावर तर हा व्यापार अधिकच फोफावला. राज्यकर्ता म्हणून त्या साहेबाविषयी आम्हांस प्रेम असण्याचे कारण नाही. पण कंदिलाच्या उजेडात सेटची खुंटी हळूहळू फिरवीत आपल्या गावचा आवाज शोधणारा तो मनुष्य आम्हांला अगदीच परका वाटत नाही. आसामात किंवा राजस्थानात असताना मुंबई केंद्र लागावे म्हणून रात्री अकरा वाजता आपणही तसेच चाचपडलेले असतो.

साहेबाला जे सुलभ होते, ते इतरांना नव्हते. १९३३ साली भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा झाला आणि परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते बाळगणे हाही गुन्हा ठरला. यंत्र चालविण्याबद्दल १८८५ चा तारायंत्र कायदा होताच. आता ताब्यात असणेही आले. २०२३ चा दूरसंचार कायदा होईपर्यंत ही दोन जुनी माणसे आपल्या घरात नांदत होती, हे सरकारी कागदांत हयात घालविलेल्या वाचकांस ठाऊक असेलच. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशांना हुकूम सुटला की आपापले ट्रान्समीटर पोलिसांच्या स्वाधीन करा. बहुतेकांनी केले. मुंबईचे नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या काहींचे हात मात्र स्वस्थ बसले नाहीत.

पुढची हकीकत महाराष्ट्राला परिचित आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले, आणि मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनी 'काँग्रेस रेडिओ' चालविला. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत ४२.३४ मीटरवर तो बोलत राहिला. चौपाटीवरून निघालेले हे बिऱ्हाड पोलिसांचा सुगावा लागताच जागा बदलीत महालक्ष्मीपर्यंत गेले. ट्रान्समीटर उभारून दिला तो प्रिंटर यांनी. आणि शेवटी पोलिस दारात आले तेही प्रिंटर यांनी दिलेल्या माहितीवरूनच. खटल्यात उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. याच खटल्यात शिकागो रेडिओ या प्रसिद्ध दुकानाचे नानक मोटवाने हेही आरोपी होते, ते सुटले. ध्वनिक्षेपकांचा आणि रेडिओच्या सामानाचा व्यापारी आरोपीच्या पिंजऱ्यात कसा, याचे उत्तर आमच्या विषयात आहे. ज्याच्या गुदामात परदेशची पेटी, त्याच्यावर सरकारची नजर. त्या अडीच महिन्यांच्या रेडिओत निर्धार देशी होता, आवाज देशी होते. पण आतले व्हॉल्व्ह बोटीने आलेले होते, आणि परवाना देणाऱ्यांनाच ते नको होते.

युद्ध संपल्यावर एक चमत्कारिक सुकाळ आला. सैन्यांना नकोसे झालेले बिनतारी सामान वजनावर विकले जाऊ लागले. मुंबईचा चोरबाजार, पुढे लॅमिंग्टन रोड, दिल्लीत लाल किल्ल्यासमोरचा लाजपतराय मार्केट, मद्रासची रिची स्ट्रीट ही हौशांची तीर्थस्थाने झाली. ब्रिटिश रणगाड्यांत बसविला जाणारा '१९ नंबरचा सेट' हा त्या काळचा सर्वांत ओळखीचा चेहरा. त्याच्या काही नगांवर इंग्रजीच्या शेजारी रशियन लिपीत अक्षरे छापलेली असत. कॅनडात तयार झालेले, रशियाला मदत म्हणून जावयाचे असलेले ते यंत्र! एका पेटीने एवढे देश पाहिलेले असत आणि ती अखेर कोणा तरुणाच्या पलंगाखाली विसावे. १९४६ पासून हंगामी परवाने पुन्हा मिळू लागले. १५ मे १९४८ रोजी महूच्या सिग्नल्स शाळेत हौशांची पहिली अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. इंदूर-महूकडच्या मराठी मंडळींनी ही आठवण जपून ठेवावी. १९५४ मध्ये ती दिल्लीस गेली आणि तिचे नाव अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाले. सभासद मूठभर होते.

याच सुमारास अमेरिकेत एका कंपनीने पेटीचे रूपच पालटले. मिशिगन राज्यातल्या बेंटन हार्बर गावची हीथ कंपनी मूळची विमानांची. एडवर्ड हीथ हा गृहस्थ हलक्या विमानाचे सुटे भाग पेटीत भरून विकी. गिऱ्हाइकाने घरी जोडावे आणि उडावे. १९३१ मध्ये हीथ विमान-अपघातातच गेला. बुडालेली कंपनी १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनीने घेतली, आणि युद्धानंतर लष्कराने टाकलेल्या भागांचा साठा त्याच्या हाती आला. १९४७ मध्ये त्याने ऑसिलोस्कोपचे सुटे भाग पेटीत घालून ३९ डॉलर ५० सेंटला विकावयास काढले. तयार यंत्राच्या मानाने ही किंमत म्हणजे थट्टाच होती. पाठोपाठ रिसीव्हर आले, ट्रान्समीटर आले. १९५४ मध्ये अँथनीही विमान-अपघातात मरण पावला. एकाच पेढीच्या दोन धन्यांचा असा सारखा अंत क्वचितच घडला असेल. पेढी मात्र चालत राहिली.

'हीथकिट'ची पेटी उघडली की प्रथम हाती येई ते पुस्तक. कोणती तार किती इंच कापावयाची, कोठे झाळावयाची, हे पायरीपायरीने सांगितलेले, आणि प्रत्येक पायरीपुढे एक रिकामा कंस. काम झाले की त्यात खूण करावयाची. ज्याने आयुष्यात झाळणी हातात धरली नाही, तोही या पुस्तकाच्या बोटाला धरून ट्रान्समीटरपर्यंत पोचे. आमच्या मते विसाव्या शतकातल्या उत्तम गद्यांत या पुस्तकांची गणना व्हावी. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे. परदेशच्या गिऱ्हाइकांसाठी न्यूयॉर्कमध्ये रोक इंटरनॅशनल ही पेढी निर्यातीची अडत करी, आणि तारेचा संक्षिप्त पत्ता जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला असे. त्या बारीक ओळीवर बोट ठेवून जगभरच्या किती तरुणांनी हिशेब केले असतील! पण १९५५ मध्ये निघालेला 'डीएक्स-१००' हा प्रसिद्ध ट्रान्समीटर १८९ डॉलर ५० सेंटांचा, आणि वजनाला शंभर पौंडांहून अधिक. वजन बहुतेक ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाचे. म्हणजे किंमत अमेरिकेतली, आणि तिच्यावर बोटीचे भाडे लोखंडाचे. त्यातून पेटी पोचलीच, तर ती ११७ व्होल्टांसाठी बनविलेली. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट. अमेरिकेची वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५०. साठासाठी बेताने बनविलेला ट्रान्सफॉर्मर पन्नासावर तापू लागतो. विकणारा आपल्या घरातल्या भिंतीकडे पाहूनच यंत्र बनवितो, हे त्या काळचे साधे सत्य होते.

पण आपल्याकडे व्होल्टांच्या आधी परवान्याची भिंत होती. १९४७ चा आयात-निर्यात नियंत्रण कायदा होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभी, १९५६-५७ मध्ये, परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटली आणि मग नियंत्रणाचा फास आवळला गेला. डॉलर यंत्रसामग्रीसाठी हवा होता, धान्यासाठी हवा होता. छंदासाठी तो कोठून द्यावा? हा प्रश्न खोटा नव्हता. आम्ही स्वतः त्या टेबलाच्या आतल्या बाजूस बसलेलो असल्यामुळे तो पोटतिडकीने मांडू शकतो. पण आतल्या बाजूस बसल्यामुळेच एक पेटी आम्हांला विसरता येत नाही.

१९७० नंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. एका बंदराच्या गावी, परदेशी टपालाशी संबंधित कचेरीत आम्ही नवे कारकून होतो. विलायतेहून एक पार्सल आले. प्रतिज्ञापत्रावर लिहिले होते: रेडिओचे जुने भाग, भेट. पाठविणारा कोणी निवृत्त इंग्रज हौशी. घेणारा आंध्रातल्या एका तालुक्याच्या गावचा शाळेतला विज्ञानशिक्षक. दोघांची ओळख केवळ हवेतली. आत एका रिसीव्हरचा सांगाडा, चार स्फटिक आणि मोज्यात गुंडाळलेले सहा व्हॉल्व्ह. मोजे लोकरीचे, हातांनी विणलेले होते. शिक्षकाकडे परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा, संकेतनामाचा, सर्व परवाना रीतसर होता. नव्हती ती आयातीची परवानगी. एका खात्याने बोलण्यास मुभा दिली होती. ज्याच्या साह्याने बोलावयाचे ते आणण्यास दुसरे खाते देत नव्हते. पत्रे सुरू झाली. त्यांची पत्रे निळ्या शाईत, अदबशीर, दर वेळी आमच्या मागील पत्राचा जावक क्रमांक बिनचूक नमूद केलेली. आमची उत्तरे छापील. अकरा महिन्यांनी मुदत संपली, आणि 'पाठविणाऱ्यास परत' ही चिठ्ठी आम्ही स्वहस्ते चिकटविली. नियमाने ती चिकटवावयासच हवी होती. वरिष्ठांनी कामाबद्दल शाबासकीही दिली. शिक्षकांचे शेवटचे कार्ड त्यानंतर आले: तसदीबद्दल क्षमस्व, आणि मोजे तरी जाताना नीट गुंडाळले होते ना, काचा फुटू नयेत. त्या कार्डाला उत्तर देण्याची तरतूद छापील नमुन्यांत नव्हती. आम्ही दिले नाही.

अशा किती पेट्या परतल्या, याची वही कोणी ठेवली नाही. १९७० पर्यंत या एवढ्या देशात परवानाधारक हौशी हजाराच्या आत होते, एवढे मात्र सांगतात. जे टिकले, त्यांनी जुन्या बाजाराच्या आधाराने यंत्रे बांधली. निकामी रेडिओ फोडून, औषधाच्या बाटलीवर तार गुंडाळून, पत्र्याच्या डब्याचे कवच करून. या हुन्नराचे गोडवे आज गाइले जातात, आणि ते गाण्याजोगे आहेतच. तरीही टंचाईने माणसे घडतात हे म्हणणाऱ्यांस आम्ही विचारू की, टंचाईने जी मुळीच उभी राहिली नाहीत, त्यांचा हिशेब कोठे मांडावयाचा? साठीच्या दशकात जगभरचे हौशी 'सिंगल साइडबँड' या काटकसरीच्या पद्धतीकडे वळले. तिला चोख स्फटिकांची चाळणी लागते, आणि ती औषधाच्या बाटलीवर गुंडाळून होत नाही. मागे पडणे म्हणजे काय, ते त्या वेळी आपल्या हौशांना कळले.

दरम्यान जपानची पेटी बाजारात आली. महायुद्धात बंद झालेला हा छंद जपानात १९५२ मध्ये पुन्हा परवान्याने सुरू झाला, आणि वीस वर्षांत त्या देशाने अमेरिकेला त्यांच्याच अंगणात गाठले. १९७० च्या सुमारास निघालेला याएसू कंपनीचा 'एफटी-१०१' हा त्याचा मुकुटमणी. बहुतेक सर्व ट्रान्झिस्टरवर, शेवटच्या टप्प्याला तेवढे व्हॉल्व्ह. बोलणे आणि ऐकणे एकाच खोक्यात. त्याच्या गुणांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. आम्हांला त्याच्या पाठीवरची एक लहानशी गोष्ट अधिक बोलकी वाटते. त्याचा ट्रान्सफॉर्मर १०० पासून २३४ व्होल्टांपर्यंत सहा निरनिराळ्या दाबांवर जोडता येई, आणि आवर्तने ५० असोत वा ६०. आपले यंत्र परक्याच्या भिंतीत जावयाचे आहे, हे बनविणाऱ्याच्या मनात पहिल्या दिवसापासून होते. हीथ कंपनी पुढे श्लुम्बर्जरकडे, मग १९७९ मध्ये झेनिथकडे गेली आणि १९९२ मध्ये तिने किटांचा धंदा गुंडाळला. त्याची कारणे अनेक. पण यंत्रे तयार स्वस्त मिळू लागल्यावर घरी झाळीत बसण्यात बचत उरली नाही, हे मुख्य.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात जकातीत सवलत आली. राजीव गांधी स्वतः परवानाधारक हौशी होते, याचा उपयोग झाला असे जाणकार सांगतात. १९८३ मध्ये हैदराबादेस हौशी रेडिओची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि शिकविण्याची सोय लागली. परदेशी पेटी आता कायद्याने येऊ शकत होती. खिशाने मात्र क्वचितच.

आलेल्या पेट्यांनी काय केले, याचे एकच उदाहरण देतो. अंदमान बेटांवरून हौशी प्रक्षेपणाला कित्येक वर्षे मुभा नव्हती. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या संस्थेची मंडळी परवानगी घेऊन पोर्ट ब्लेअरला गेली. उद्देश निव्वळ छंदाचा होता. जगातले हजारो हौशी अंदमानची गाठ पडावी म्हणून टपून बसले होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, मागून समुद्र आत आला, आणि दूरध्वनीच्या तारा मुक्या झाल्या. त्या मंडळींची यंत्रे शाबूत होती. संकेतनामांची देवघेव थांबली, आणि मुख्य भूमीवरून विचारणा सुरू झाली: अमक्याचा मुलगा तेथे बदलीवर आहे, तमक्याची बहीण, जिवंत आहेत का? उत्तरे त्याच खोक्यांतून परत गेली. अंदमानात ज्यांचे कोणी नोकरीला होते, त्यांच्यापुढे या विषयाचे महत्त्व आम्ही आणखी काय वर्णावे!

आता उलट दिशेचा प्रवास. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी २००० नंतरच्या पहिल्या दशकात 'बिट्एक्स' नावाच्या एका यंत्राचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. भारतीय हौशाला परवडेल असे यंत्र नाही, ही त्यामागची तक्रार. म्हणून त्यांनी नियम घातला की कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही तो भाग वापरावयाचा नाही. साधे ट्रान्झिस्टर, घड्याळी कामाचे स्वस्त स्फटिक पारखून केलेली चाळणी, आणि शेवटच्या टप्प्याला वीज चालू-बंद करण्याच्या कामाचा एक मॉस्फेट. वेटोळ्यांना लागणारी खास कडी येथे मिळत नव्हती, म्हणून त्यांनी नळाचे नायलॉनचे वायसर वापरले. होय, गळणाऱ्या तोटीत प्लंबर घालतो तेच! हा आराखडा परदेशी गेला, आणि ज्यांच्या दारात सर्व काही मिळत होते अशा देशांतले लोकही वायसरावर तार गुंडाळू लागले.

मग २०१६ च्या अखेरीस याच यंत्राचा जोडलेला, तपासलेला पट्टा हैदराबादेहून जगात विकला जाऊ लागला: 'बिट्एक्स-४०', ७ मेगाहर्ट्झचा, सुमारे ७ वॅटचा. वेटोळी हातांनी गुंडाळली जात, आणि ते काम स्त्रियांच्या एका गटाकडे होते. पुढे त्याचा अनेक पट्ट्यांवर बोलणारा मोठा भाऊ 'मायक्रोबिट्एक्स' १०९ डॉलरला निघाला. खोके नाही, खुंट्या गिऱ्हाइकाने बसवावयाच्या, तारा त्याने जोडावयाच्या. हीथची पेटी पुन्हा जन्मली म्हणा. फक्त दिशा उलटी, आणि वजन शंभर पौंडांच्या ठिकाणी पुस्तकाएवढे. वीज मोटारीच्या बॅटरीएवढ्या १२ व्होल्टांची, म्हणजे कोणाच्याही भिंतीशी भांडण नाही. घाई असणाऱ्याने जादा पैसे भरून कुरिअरने घ्यावे, नसेल त्याने टपालाची वाट पाहावी. वाट पाहणारे पुष्कळ निघाले. टपालाने आलेल्या पाकिटावरची भारतीय तिकिटे पाहण्यात त्यांना सुख वाटत असावे.

हा व्यवहार निर्दोष होता असे नाही. 'मायक्रोबिट्एक्स' परदेशी पोचल्यावर तेथल्या काहींनी उपकरणे लावून पाहिली आणि दाखवून दिले की तो काही पट्ट्यांवर मूळ लहरीबरोबर नको त्या लहरीही सोडतो, आणि त्या तेथील नियमांत बसत नाहीत. अमेरिकेत घरी जोडलेल्या यंत्राला सरकारी शिक्क्याची गरज नाही. पण लहर स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी चालविणाऱ्याच्या माथी आहे. जुन्या काळी असा माल परत आला असता. येथे परत आले ते दुरुस्तीचे आराखडे. येथल्या आणि तेथल्या हौशांनी मिळून रिलेंची मांडणी शोधली, आणि २०१९ मध्ये निघालेल्या पाचव्या आवृत्तीत ती बदलली गेली.

निवृत्तीनंतर आम्ही हैदराबादेसच राहिलो. मध्यंतरी मेलबर्नला असलेल्या आमच्या एका भाच्याच्या मुलाने हौशी परीक्षा दिली, तेव्हा हा पट्टा त्याला भेट म्हणून धाडावयाचे ठरविले. घरी एक जुना लोकरीचा मोजा होता. त्यात तो गुंडाळला. व्हॉल्व्ह नव्हते, फुटण्यासारखे काही नव्हते, तरी गुंडाळला. टपालकचेरीत रांग लावली. प्रतिज्ञापत्रावर आत काय आहे त्या रकान्यात लिहिले: रेडिओचे भाग, भेट. खिडकीतल्या मुलीने वजन केले, ती ओळ वाचली आणि मान वर करून विचारले, "बॅटरी तो नहीं ना अंदर?"

नाही म्हणालो. तिने शिक्का मारला.